दोन घागरी आणि एक म्हातारी: ती कादंबरी वाचलीत का? (सावधान, शेवट फोडलेला आहे)

निंबाचा_झोका

कादंबरीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. खाली मी शेवट सरळ फोडणार आहे, आणि उद्या कुणी नाव शोधत इथे पोचलं तर त्याचा विरस नको. वाचलेल्यांना 'दोन घागरी' एवढं म्हटलं तरी पुरे.

मी मूळची पारोळ्याकडची, पंधरा वर्षं झाली पुण्यात आहे. हा प्रकार एरवी वाचत नाही, पण आपल्या खान्देशातली भुताची कादंबरी म्हणून घेतली. मराठीत भूत म्हटलं की ते कोकणातच राहतं. त्याला माड लागतात, पाऊस लागतो, ओसाड चौसोपी वाडा लागतो. इथे पहिल्याच पानावर धाब्याचं घर, अंगणात निंब आणि आखाजीची सकाळ. खुर्ची ओढून बसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटतात (त्या दिवशी त्याला जुगार म्हणायचं नसतं). आणि सकाळी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सोबत डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी. चुलीत पितरांच्या नावाने घास टाकतात, ती आगारी. कादंबरी इथेच सुरू होते. घरात मयत झालेला एकच, म्हातारा सासरा. सुनेने रात्री एक घागर मांडून ठेवलेली. सकाळी पाहते तर दोन. दुसरीही काठोकाठ भरलेली, बाहेरून पाझरलेली, म्हणजे रात्रीपासूनची. कुणी भरली ते कुणी सांगत नाही, आणि घरातला प्रत्येक जण गुपचूप माणसं मोजायला लागतो.

हे वाचून त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपले. पंचेचाळिशीची बाई आहे मी.

दीडशे पानं अशीच. मग कळतं की घागर सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची. तो आदल्या वर्षी याच घराच्या विहिरीत गेला आणि मालकाने प्रकरण मिटवलं. गावाच्या कडेला त्याची म्हातारी आई राहते, गाव तिला डाकीण म्हणतं. तिच्या दारावर दगड पडतात, तिला हापशावर येऊ देत नाहीत, आणि वाचताना आपल्याला गावाचीच लाज वाटत राहते. शेवटच्या चाळीस पानांत लेखक सांगतो की ती खरंच डाकीण होती. गावात गेलेली पोरं तिनेच खाल्ली. गाव तिला जाळतं, घागर आपोआप फुटते, पाऊस पडतो. संपलं.

मी पुस्तक आपटलं. तुम्हाला काय वाटलं?

कपाशीवाला

काय ताई, भुताची कादंबरी घेतली आणि भूत निघालं म्हणून तक्रार! मी शिरपूरचा. दोन बैठकींत संपवली. म्हातारी पाळण्यापाशी उभी राहते आणि तिची सावली दिव्याकडे पडते, तो प्रसंग वाचल्यावर बायकोला उठवलं, म्हटलं मोरीपर्यंत सोबत चल. अडीचशे रुपयांत माणसाने अजून काय मागावं? शेवटी 'सगळे मनाचे खेळ होते' असं निघालं असतं तर मी पुस्तक तापीत सोडलं असतं.

लाल_एस्टी

वहिनी काय म्हणाल्या ते लिहा आधी.

कपाशीवाला

इथे लिहिण्यासारखं नाही ते.

रावेरची_लेक

मला भ्यायला वेळच मिळाला नाही, चुका मोजत होते. गाव रावेर तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं, आणि माणसं बोलतात धुळ्याकडची अहिराणी! रावेर-यावलकडे घराघरांत लेवा गणबोली आहे, जामनेर-भुसावळकडे तावडी. 'मले-तुले' सगळीकडे आहे म्हणून काय झालं, क्रियापद आलं की लगेच कळतं माणूस कुठला. खान्देश म्हणजे अहिराणी, असं संपादकांनी ठरवून टाकलंय. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली, तरी हे.

दुसरं, नववं प्रकरण. शिक्षक भुसावळच्या पुलावरून पडतो आणि आठ दिवसांनी त्याचं प्रेत आमच्या तालुक्यातल्या घाटाला लागतं. अहो, तापी पश्चिमेला वाहते. बऱ्हाणपूरकडून येते, आधी आम्हाला भेटते, मग भुसावळला. प्रेत उलटं आलं असं धरलं तरी मध्ये हतनूरचं धरण आहे, ४१ दरवाज्यांचं.

कपाशीवाला

भूत आहे ताई, उघडला असेल एखादा.

रावेरची_लेक

दरवाजे उघडायचे तर नदीकाठच्या गावांना आधी इशारा देतात, भाऊ. मग आम्ही सगळे घाटावर उभे असतो ना बघायला.

मोटारचालू

केळीवाला, यावल तालुका. बोलीचं ताईंचं बरोबर. पण सातवं प्रकरण लिहिणाऱ्याने स्वतः रात्री बागेत पाणी भरलंय, हे मी शपथेवर सांगतो.

शेतीची थ्री फेज लाइन आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठा, बॅटरी घ्या, निघा. ठिबक झालं तरी सुटका नाही. मोटार उचलली का, फिल्टर तुंबला का, बघायला जावंच लागतं. केळीच्या बागेत भर दुपारीही ऊन खाली पोचत नाही, रात्रीचं तर विचारूच नका. वारा आला की खोडाला लोंबणारी वाळकी पानं घासतात, मागून कुणी धोतर सावरत चालल्यासारखी. हिरवं पान फाटतं ते लुगडं फाडल्यासारखं. आणि निसवण (घड बाहेर पडणं) चालू असली तर कमळाची, म्हणजे केळफुलाची, पाकळी गळते. टप. एकच. मग दहा मिनिटं काही नाही, तुम्ही उभे, पुढच्या टपची वाट बघत. लेखकाने ते टप अचूक धरलंय.

कादंबरीतला गडी स्टार्टर पाडतो, मोटार बंद होते, आणि पाइपातून पाणी धावल्याचा आवाज चालूच राहतो. तो पाइपाला कान लावतो तर आत कुणीतरी घोटघोट पितंय. मी हे वाचलं त्या आठवड्यात माझी पाळी रात्रीची होती. गेलो नाही. सकाळी वडिलांना सांगितलं, लाइन नव्हती.

तक्रार एकच. आम्हाला रात्री खरं भ्याव असतं ते सापाचं आणि बिबट्याचं. २०१७ च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा इतक्या लांब आमच्याकडेसुद्धा आई मला एकट्याला बागेत जाऊ देत नव्हती. पुस्तकात बिबट्याचं नावही नाही. एवढं बागेत हिंडलेल्या माणसाला भूत दिसलं आणि बिबट्या दिसला नाही?

गिरणाकाठ

सगळे रात्रीचं बोलताय. मला धरलं ते पाचव्या प्रकरणाने, दुपारच्या.

आमच्याकडे वैशाखात ऊन ४५ च्या पुढे जातं तेव्हा गाव दारं लोटून आत पडलेलं असतं. रस्त्यावर कुत्रंही नसतं. आजी बारा ते तीन आम्हाला विहिरीकडे फिरकू द्यायची नाही. 'आसरा ऱ्हातीस तठे' म्हणायची, म्हणजे पाण्यातल्या साती आसरा. रात्री मात्र आम्ही बिनघोर घराच्या धाब्यावर झोपायचो, म्हणजे भीतीची वेळ दुपारचीच. हे मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. काळी जमीन भेगाळते तेव्हा भेगा एवढ्या होतात की लहान पोराचा पाय अडकावा. कादंबरीतलं पोर त्या भेगेत चिंचोका टाकतं आणि कान देऊन बसतं. पडल्याचा आवाज येतच नाही. संध्याकाळी चिंचोका त्याच्या उशाशी, ओला.

अंधारात कुणीही घाबरवतं. याने लख्ख उन्हात केलंय, ओला चिंचोका दाखवून. आणि एवढं जमलेला माणूस शेवटाला काय आणतो? धुकं! मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात, धुकं! कुठल्या तरी घाटातून वाट चुकून आलं असणार.

लाल_एस्टी

धुक्याला चकवा लागला.

सातपुडा_पायी

मी निवृत्त आरोग्य सेविका. नोकरीतली सात वर्षं धडगाव भागात काढली. गावाचं नाव लिहीत नाही.

कादंबरीतली पोरं कशी जातात ते आठवा. हातपाय दुखतात म्हणून रात्रभर ओरडतात, डोळे पिवळे पडतात, अंगातलं रक्त आटत जातं. लेखकाने ते डाकिणीचं काम म्हणून लिहिलंय. मी वाचता वाचता म्हटलं, अगं, हा तर सिकलसेल. नंदुरबारच्या पाड्यांवर हा आजार आम्ही रोज बघितला. आई आणि बाप दोघांकडून आला तर पोराला त्रास होतो. एकाकडूनच आला तर ते नुसतं वाहक, दिसायला धडधाकट. म्हणून एकाच घरात एक पोर दुखण्याने लोळतं आणि त्याचाच भाऊ डोंगर चढून शाळेत जातो. घरच्यांनी याचा अर्थ काय लावायचा? रक्त तपासायला कुणी पोचलेलं नसतं, भगत मात्र पोचतो. तो दाणे बघतो आणि दाण्यांत बाईचं नाव निघतं. नाव निघतं ते बहुतेक वेळा एकटीचं, विधवेचं. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला तर हमखास.

अशी एक बाई मी पाहिली आहे. तिला कुणी मारलं नव्हतं, फक्त गावाने तिच्याशी बोलणं सोडलं होतं. लसीकरणाच्या दिवशी ती लांब मोहाच्या झाडाखाली बसून बघायची, कारण जवळ आली तर आया पोरं उचलून पळायच्या. एकदा मी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिने विचारलं, तुला भीती नाही वाटत? मी नाही म्हटलं. खोटं बोलले. इतकी वर्षं त्या गावात जाऊन मलाही थोडी वाटायला लागली होती.

कपाशीवाला भाऊ, भूत निघालं याची माझी तक्रार नाही. घागर मान्य, पाइप मान्य, चिंचोका तर फारच मान्य. पण ज्या शब्दावरून अजून बायकांना गाव सोडावं लागतं, जीव जातो, तो शब्द शेवटी खरा ठरवून लेखक मोकळा झाला.

कपाशीवाला

ताई, तुमचं वाचून दिवसभर काही लिहिलं नाही.

तरीही थोडं भांडतो. गोष्टीने गोष्ट असावं, आरोग्य केंद्र होऊ नये. हडळ चालते, खवीस चालतो, मग डाकीणच का नाही? असं लिहायला बसलो आणि मीच अडकलो. खविसाचं रेशनकार्ड नसतं. गावात अमकी खवीस आहे म्हणून कुणाचं घर कुणी जाळत नाही. तेवढा फरक आहे, मान्य.

पण सावलीचा प्रसंग काढा म्हणाल तर नाही काढणार.

मी_फक्त_वाचतो

असल्या पुस्तकावर बंदी कशी नाही? जादूटोणाविरोधी कायदा आहे ना आपल्याकडे?

काळा_कोट

कायदा २०१३ चा. तो कृत्यांपुरता आहे, अनुसूचीत ती कृत्यं दिलेली आहेत. अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. गोष्ट लिहिणं त्यात बसत नाही, आणि बसू नये. या कायद्याचं घोडं वर्षानुवर्षं अडलं होतं. विरोधक लोकांना हीच भीती घालत होते की उद्या पूजा आणि कीर्तनंही बंद होतील. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला. तेव्हा बंदीचं नाव काढून त्या जुन्या विरोधकांना खरं ठरवू नका. पुस्तक आवडलं नाही तर इथे धुवा, जागा भरपूर आहे.

रावेरची_लेक

थोडं अवांतर. लेखकाने पिंपळावर मुंजा बसवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला खडे मारणारा. ठरलेला साचा. आता यावल तालुक्यातल्या अट्रावलला जा. तिथे मुंजोबा देव आहे. माघात यात्रा भरते, माणसं नवसाचं लोणी घेऊन येतात. बाकी महाराष्ट्रात ज्याला बघून पळतात त्याच्या दारात आम्ही रांग लावतो! मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेल्या पोराचं आधी भूत होतं, मग कधीतरी गाव त्याला देव करून घेतं. कसं करून घेतं, का, कुणी पहिल्यांदा लोणी नेलं असेल? त्याच्या आईने? एवढी मोठी गोष्ट वीस-पंचवीस किलोमीटरवर पडलेली होती, आणि हा खडे मोजत बसला.

मोटारचालू

आमच्या घरचं लोणी जातं दरवर्षी. आईने म्हैस विकली तरी लोणी विकत आणून नेलं होतं.

सालाची_वही

आजच खातं उघडलं. धागा आठ दिवस नुसता वाचत होतो.

माझे वडील सालदार होते. धरणगावच्या बाजूला, गाव राहू द्या. वर ताईंनी आखाजीचे झोके, आंबे, पत्ते लिहिलं, ते सगळं खरं. आमच्या घरी आखाजी म्हणजे साल सुटणं. सालदाराचं साल आखाजीला लागतं आणि पुढच्या आखाजीला सुटतं. त्या दिवशी मालकाच्या ओट्यावर वही निघते. उचल किती घेतली, खाडे किती पडले, दादर (ज्वारी) किती पायल्या नेली, बहिणीच्या लग्नाला किती, माझ्या टायफॉइडला किती. वजा करत करत खाली आलं की बाकी वडिलांकडेच निघायची. मग त्याच ओट्यावर पुढचं साल ठरायचं. आई सकाळी घागर भरून ठेवायची, पण आप्पा हिशेब करून घरी येईपर्यंत आगारी टाकायची नाही. काही वर्षी दिवस कलायचा. पितरंही आमच्याबरोबर उपाशी बसायची.

म्हणून दुसरी घागर कुणाची हे मला पहिल्याच पानावर कळलं. हिशेब व्हायच्या आत मेलेला सालदार आखाजीला नाही येणार तर कधी येणार? मी पानं उलटत होतो ते वही कधी उघडते बघायला. आणि वही येते. पान ११२. मालकाच्या कोनाड्यात, लाल फडक्यात बांधलेली. सून झाडताना तिला हात लावते, सासू ओरडते, सून हात मागे घेते. बस. पुढे अख्ख्या पुस्तकात वहीचं नाव नाही. म्हातारीला जाळली, पाऊस पाडला, मालक कुटुंबासकट सुटला, आणि वही अजून कोनाड्यातच आहे.

डाकीण खरी की खोटी, यावर तुम्ही शिकलेली माणसं बोला. मी म्हणतो, बाकी किती निघाली?

कपाशीवाला

भाऊ. आता मात्र पुस्तक पुन्हा काढावं लागणार.

निंबाचा_झोका

मी लगेच काढलं. पान ११२, वरून आठवी ओळ. लाल फडकं आहे. हे पान मी वाचलेलं होतं, आणि चिडून धागा काढताना मला ते आठवलंही नव्हतं.

आमच्याकडे दोन सालदार होते. ओट्यावर वही निघायची, दुपारी, जेवणं झाल्यावर. मी तेव्हा झोक्यावर असायचे. वरून सगळं दिसायचं, टोप्या दिसायच्या. ऐकू काही यायचं नाही. कधी ऐकायचा प्रयत्न केला असंही नाही.

गिरणाकाठ

लेखकमहाशय गुपचूप हा धागा वाचत असतील तर दुसऱ्या आवृत्तीसाठी: धुकं काढा, वही उघडा.

रावेरची_लेक

आणि तापी सरळ करा.

निंबाचा_झोका

धागा वर काढते आहे, कारण मागच्या आठवड्यात गावी गेले होते. आत्याला (वय ८४) ओट्यावर बसून सगळी गोष्ट सांगितली, म्हातारीच्या शेवटासकट. ती तूर निवडत होती. मोठमोठ्या प्रसंगांना मी आवाज बदलून सांगितलं, तरी एकदाही 'माय वं' म्हणाली नाही. सावलीलाही नाही, सॉरी कपाशीवाला.

संपल्यावर म्हणाली, 'मंग ती दुसरी घागरनं पानी कोनी पिधं?'

म्हटलं, फुटली ना ती आत्या, शेवटी.

'फुटनी?' तिने सूप खाली ठेवलं. 'भरेल घागर फुटनी, आनि पानी कोनीच नई पिधं?'

मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच फोडली.